लोकेच्छा आणि बोली : उंबरगाव-डहाणूची सीमा आणि स्कॉटलंडचा प्रश्न

१८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कोकणातील वारली आणि कातोडी या दोन वनवासी जमातींविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक मुंबईतील मिशनरी डॉ. जॉन विल्सन. लेखातील काही माहिती त्यांनी वारल्यांशी झालेल्या प्रश्नोत्तरांच्या रूपात नोंदवली आहे. देव, मरण, विवाह अशा विषयांवर विल्सन विचारतात आणि वारली थोडक्यात उत्तरे देतात. मराठी मुलखाच्या उत्तर टोकावरील या माणसांना लिखित अभ्यासाच्या कक्षेत आणणाऱ्या आरंभीच्या नोंदींपैकी ही एक. प्रश्नकर्ता बाहेरचा, प्रश्नांची चौकट त्याची, आणि उत्तरांचा अर्थ लावण्याचा अधिकारही त्याचाच, अशी या नोंदीची घडण आहे. पुढच्या सव्वाशे वर्षांत प्रश्नकर्ते बदलले, मिशनऱ्यांच्या जागी भाषाशास्त्रज्ञ, जनगणना अधिकारी आणि भाषिक राज्यांचे पुरस्कर्ते आले. घडण मात्र फारशी बदलली नाही.

विल्सन यांचा जन्म १८०४ साली स्कॉटलंडमधील बेरिकशर परगण्यातील लॉडर या गावी झाला. बेरिकशर हा इंग्लंडच्या सीमेला लागून असलेला मुलूख. ज्या बेरिक शहरावरून त्याला नाव मिळाले ते शहर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात अनेकदा हात बदलत १४८२ मध्ये कायमचे इंग्लंडकडे गेले. परगणा स्कॉटलंडमध्ये आणि त्याचे नामदाते शहर इंग्लंडमध्ये, अशी ही विसंगती. मराठी वाचकाला तिचे प्रतिरूप शोधायला फार दूर जावे लागत नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याची ४७ खेडी आणि तीन शहरे गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली. उरलेली २७ खेडी आधी डहाणू तालुक्याला जोडली गेली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी हा वेगळा महाल करण्यात आला. बेरिकशरने शहर गमावूनही नाव राखले. येथे शहराबरोबर नावही गेले, आणि पलीकडे जाऊन ‘उंबरगाव’चे ‘उमरगाम’ झाले. नावातील एक-दोन अक्षरांचा हा फरक गौण वाटू शकेल. तथापि १९५० च्या दशकातील सीमावादात पुरावा म्हणून जे मांडले गेले ते बव्हंशी याच जातीचे होते : उच्चार, प्रत्यय, गावांची नावे, शाळेचे माध्यम.

राष्ट्रीय किंवा प्रादेशिक अस्मितेची चर्चा दोन वेगवेगळ्या प्रश्नांभोवती फिरू शकते. ‘हे लोक कोण आहेत?’ हा एक. ‘या लोकांना काय हवे आहे?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तज्ज्ञ देऊ शकतो, दुसऱ्याचे देऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर पहिला प्रश्न विचारून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरले गेले. स्कॉटलंडमध्ये पहिल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कधीच मिळाले नाही, म्हणून दुसरा विचारावा लागला. या दोन इतिहासांची तुलना सोयीची नाही. एक राष्ट्र-राज्याच्या फुटीचा, दुसरा एकाच संघराज्यातील प्रांतसीमेचा. पण अस्मितेचा पुरावा कशाला म्हणायचे, हा प्रश्न दोहोंना समान आहे.

१७०७ च्या करारान्वये स्कॉटलंडने आपली संसद विसर्जित केली. धर्मसंस्था, कायदा आणि शिक्षणव्यवस्था मात्र आपल्याकडे राखली. या संयोगातून ‘ब्रिटिश’ नावाची ओळख कशी घडली, याचा शोध लिंडा कॉली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिटन्स’ या ग्रंथात घेतला आहे. प्रॉटेस्टंट धर्म, फ्रान्सशी वारंवार झालेली युद्धे आणि साम्राज्यातील संधी यांतून ही ओळख इंग्रज, स्कॉट आणि वेल्श या जुन्या ओळखींच्या वर रचली गेली, अशी त्यांची मांडणी आहे. साम्राज्य हा त्यातील स्कॉटलंडला सर्वांत जवळचा घटक. मुंबई इलाख्यात त्याची साक्ष जागोजागी मिळते. एल्फिन्स्टन स्कॉट, विल्सन स्कॉट. १८८२ साली निघालेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर ज्यांच्या संपादनाखाली सिद्ध झाला ते जेम्स कॅम्बेलही ग्लासगोजवळचे. लंडनच्या दृष्टीने परिघावरचे असणारे हे लोक येथे येऊन केंद्राचे प्रतिनिधी झाले. वारल्यांचे वर्णन करताना विल्सन ‘ब्रिटिश’ होते. लॉडरमध्ये ते तितक्या निःसंदिग्धपणे तसे असते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्यांचा वारल्यांवरील लेख निघाला त्याच वर्षी, मे १८४३ मध्ये, स्कॉटलंडची धर्मसंस्था दुभंगली. वाद असा होता की एखाद्या धर्मग्रामाचा पाळक कोणी नेमायचा : जमीनदार आश्रयदात्याने की तेथील मंडळीने? १७०७ नंतर अवघ्या पाच वर्षांत ब्रिटिश संसदेने आश्रयदात्यांचा अधिकार पुन्हा प्रस्थापित केला होता, आणि तो संयोगाच्या कराराचा भंग आहे अशी तक्रार शतकभर धुमसत होती. विल्सन मंडळीच्या बाजूने, म्हणजे नव्या ‘फ्री चर्च’कडे गेले, आणि मुंबईचे मिशनही दुभंगले. ज्यांच्यावर निर्णय लादला जाणार त्यांची संमती हवी, हे तत्त्व अशा रीतीने विल्सन यांना अत्यंत जिव्हाळ्याचे होते. हे तत्त्व वसाहतीत लागू करण्याचा विचार त्या काळात कोणाला सुचण्यासारखा नव्हता, हे खरे. पण तत्त्व अज्ञात होते असे म्हणता येत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना या संदर्भात आणखी एक दुवा महत्त्वाचा वाटेल. विद्यापीठीय विषय म्हणून ‘इंग्रजी साहित्य’ प्रथम इंग्लंडमध्ये नव्हे, अठराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये आकाराला आले, हे रॉबर्ट क्रॉफर्ड यांनी ‘डिव्हॉल्व्हिंग इंग्लिश लिटरेचर’ (१९९२) मध्ये साधार दाखवले आहे. एडिंबरोला ह्यू ब्लेअर यांच्याकडे १७६२ साली वक्तृत्व आणि ललित साहित्याचे अध्यासन आले. स्कॉट तरुणांनी ‘शुद्ध’ इंग्रजी लिहावे-बोलावे, नव्या ब्रिटनमध्ये त्यांची प्रगती बोलीमुळे अडू नये, ही या अध्यापनामागची प्रेरणा होती. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही आपल्या लेखनातील स्कॉट शब्दप्रयोग टाळण्यासाठी त्यांची यादी केली, आणि १७५२ साली ती छापली. ज्यांनी स्वतःची बोली दोषांच्या यादीत घातली होती त्यांच्याच परंपरेतील माणसे पुढे मुंबईत महाविद्यालये चालवू लागली. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या कोशांनी व व्याकरणशुद्धीने प्रमाण मराठीचे जे रूप स्थिर केले त्याचे श्रेय वा दोष केवळ त्यांचा नव्हे. पुण्याच्या शास्त्र्यांचाही त्यात मोठा वाटा होता. पण भाषा म्हणजे प्रमाणभाषा आणि बोली म्हणजे तिच्या जवळ किंवा दूर असणारी काहीतरी वस्तू, ही मोजपट्टी या काळात पक्की झाली. पुढचा सीमावाद याच मोजपट्टीने लढला गेला.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वारली ही कोकणातील बोलींच्या मालिकेत, मराठीच्या छत्राखाली येते. भिल्ली बोली आणि खानदेशी नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, मराठीच्या बाहेर. सर्वेक्षणाचे प्रमुख ग्रियर्सन डब्लिनजवळ जन्मलेले आयरिश. मराठीचा खंड प्रत्यक्ष सिद्ध करणारे स्टेन कोनो नॉर्वेजियन. हा तपशील निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यावा असा नाही. खंड प्रकाशित झाला त्याच वर्षी, १३ ऑगस्ट १९०५ रोजी, नॉर्वेत स्वीडनशी असलेला संयोग मोडण्याबाबत सार्वमत घेण्यात आले. विभक्त होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते पडली, विरुद्ध १८४. नॉर्वेजियन आणि स्वीडिश या भाषा परस्परांना बऱ्याच अंशी समजतात. त्यांच्यातील अंतर मोजून कोणी नॉर्वेचा निर्णय केला नाही. सर्वेक्षणाने स्वतःही बोलींच्या वर्गीकरणाला राजकीय सीमेचा आधार म्हणून पुढे केले नव्हते. तो उपयोग नंतरच्यांनी केला.

ज्या मुलखाविषयी ही चर्चा आहे त्याचे रूप थोडे ध्यानात घ्यावे लागते. डहाणूच्या दक्षिणेस वरोर, वाढवण, चिंचणी ही किनाऱ्यावरची गावे. समुद्रालगत मासेमारी करणारे मांगेले आणि बागाईत करणारे इतर समाज. रेल्वेमार्गाच्या पूर्वेला डोंगर चढू लागले की वारली, कोकणा, दुबळा, धोडिया यांची वस्ती. व्यापाराची भाषा बरीचशी गुजराती, सरकारी कारभाराची मराठी, डहाणूच्या चिकूच्या वाड्यांमधून पारशी-इराणी मालकांची गुजराती. मांगेल्यांच्या बोलीत आणि वारल्यांच्या बोलीत दोन्हींकडचे शब्द सहज नांदतात. अशा मुलखात ‘सीमा’ ही रेघ नसून पट्टा असतो. चिंचणीस १९५५ साली, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगाने अहवाल दिला त्याच वर्षी, काही ताम्रपट सापडले. त्यांपैकी इसवी सन ९२६ चा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील ताम्रपट सांगतो की संयान मंडल, म्हणजे संजाणचा परिसर, त्या वेळी एका अरब अधिकाऱ्याच्या ताब्यात होता. कर्नाटकातील राजा, अरब मांडलिक, संस्कृत दानपत्र. पाच वर्षांनी ताम्रपट सापडले ते चिंचणी महाराष्ट्रात राहिले आणि त्यांत उल्लेखिलेले संजाण गुजरातेत गेले. ऐतिहासिक हक्काचा युक्तिवाद करणाऱ्या कोणत्याच पक्षाला हा ताम्रपट फारसा उपयोगी पडण्यासारखा नव्हता.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली जे ‘अंशतः वर्जित’ प्रदेश ठरवण्यात आले त्यांत मुंबई इलाख्यातील डहाणू आणि उंबरगाव हे तालुके होते. पश्चिम खानदेशातील नवापूर, तळोदा आणि मेवासी जहागिरीही होत्या. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याचे तिसरे कलम आता यांच्या शेजारी ठेवून पाहावे. गुजरातला कोणते जिल्हे संपूर्ण मिळाले हे सांगून झाल्यावर कायदा काही तालुक्यांतील केवळ निवडक खेडी परिशिष्टात देतो : उंबरगाव, नवापूर व नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा. दोन याद्या बव्हंशी एकमेकींवर बसतात. द्विभाषिकाचे विभाजन एरवी जिल्ह्यांच्या घाऊक मापाने झाले. खेडेनिहाय कात्री चालली ती प्रामुख्याने आदिवासी मुलखावर. वसाहत सरकारने ज्यांना सामान्य कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते तेच पुढे दोन भाषिक राज्यांमधील देण्याघेण्याचे सुटे नाणे ठरले. सीमावादावरील मराठी लेखनात या योगाची दखल क्वचितच घेतली गेली आहे. बेळगाव-कारवारच्या संदर्भात महाराष्ट्राने पुढे खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांचा सातत्याने आग्रह धरला. उत्तर सीमेवर यातील पहिले तत्त्व लागू झाले. चौथ्याची कोणाला आठवण झाल्याचे दिसत नाही.

शेजारच्या डांगची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १९४९ साली मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांनी डांगला भेट दिली, आणि डांगी ही गुजरातीला जवळची असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. शाळांचे माध्यम त्यानुसार ठरले. मराठी पक्षाने याविरुद्ध गदारोळ केला आणि डांगी ही मराठीचीच बोली असल्याचे व्याकरणाच्या आधारे मांडले. दोन्ही पक्षांचे निष्कर्ष भिन्न असले तरी पद्धत एकच होती. कोणते विभक्तिप्रत्यय, कोणती क्रियापदरूपे, किती टक्के शब्द. डांगी माणूस या चर्चेत नमुना म्हणून हजर आहे, साक्षीदार म्हणून नाही. उंबरगाव-डहाणूच्या बाबतीतही महागुजरातवाद्यांचा दावा उंबरगावपुरता न राहता डहाणूपर्यंत येत होता, आणि मराठी बाजूचे प्रत्युत्तर पुन्हा बोलीच्या नात्यागोत्यावरच उभे होते. अखेर निकाल लागला तो भाषाशास्त्रातून नव्हे, काँग्रेस पक्षाच्या वरिष्ठ पातळीवरील वाटाघाटींतून.

यावर असे म्हणता येईल की वारल्यांनी आपले उत्तर वेगळ्या मार्गाने आधीच दिले होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी २३ मे रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्धचा लढा सुरू झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबारात पाच जण मारले गेले. या लढ्याची सभा, घोषणा, ठराव यांची भाषा मराठी होती. १९५७ च्या निवडणुकीत ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेवर गेले, आणि त्यांचा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक होता. परंतु या मतांना संयुक्त महाराष्ट्राचा कौल म्हणायचे की लाल बावट्याचा? दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की त्यांना वेगळे काढणे अशक्य आहे. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकाकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. शिवसेनेच्या स्थापनेला तेव्हा चार वर्षे झाली होती आणि ‘मराठी माणूस’ हा शब्दप्रयोग राजकारणाचे हत्यार बनला होता. परुळेकरांच्या शीर्षकातला ‘माणूस’ विशेषणाविना येतो. वारली मराठी आहे म्हणून तो आपला, असा युक्तिवाद त्यामागे नाही. अर्थात हा माणूस पुस्तकात बोलतो तो लेखिकेच्या मराठीतून, आणि ही मर्यादा त्या पुस्तकाच्या थोरवीइतकीच खरी आहे.

मराठी जगात लोकेच्छा प्रत्यक्ष मोजली गेली ती गोव्यात. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, विरोधाचे दोन पाने. कोकणी ही मराठीची बोली आहे, हा सिद्धान्त महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्वानांना त्या वेळी निर्विवाद वाटत होता; तो मान्य असणाऱ्या, मराठी वाचणाऱ्या, मराठी नाटके करणाऱ्या गोमंतकीयांपैकीही अनेकांनी दोन पानांवर शिक्का मारला. भाषिक निकटता आणि राजकीय इच्छा या दोन गोष्टी एकच नाहीत, याचा इतका स्वच्छ पुरावा आपल्या इतिहासात दुसरा नाही. मराठी समीक्षेने त्याचा सैद्धान्तिक विचार करण्याऐवजी पराभवाची कारणे शोधण्यातच समाधान मानले. याच कौलात दमण आणि दीवच्या मतदारांनाही विचारण्यात आले होते : गुजरातेत विलीन व्हायचे की नाही? त्यांनी नाही म्हटले. दमण उंबरगाव तालुक्याच्या उत्तरेला थोड्याच मैलांवर आहे. सात वर्षांपूर्वी उंबरगावच्या खेड्यांचा निर्णय त्यांना न विचारता झाला, आणि शेजारी दमणमध्ये मतपेटी ठेवली गेली. फरक भाषेचा नव्हता, लोकांच्या जाणतेपणाचा तर नव्हताच. दमणच्या मागे पोर्तुगीज सत्तेचा, म्हणजे वेगळ्या कायदेशीर घटकाचा इतिहास होता. उंबरगाव हा निव्वळ एक तालुका होता.

स्कॉटलंडलाही विचारले गेले ते १७०७ पूर्वी ते स्वतंत्र राज्य होते म्हणूनच. शिवाय विचारणाऱ्याने अटी घातल्या. १९७९ मध्ये वेगळ्या विधानसभेच्या बाजूने ५१.६ टक्के मते पडूनही प्रस्ताव फसला, कारण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा, अशी अट कायद्यात घालण्यात आली होती. घरी बसलेला मतदार परिणामतः ‘नाही’ म्हणणारा धरला गेला. १९९७ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश मते अनुकूल पडली आणि १९९९ पासून स्कॉटिश संसद पुन्हा भरू लागली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी पूर्ण स्वातंत्र्याचा प्रश्न विचारला गेला तेव्हा ८४.६ टक्के मतदान होऊन ५५.३ टक्क्यांनी नकार दिला, ४४.७ टक्क्यांनी होकार. अधिक स्वायत्तता पण संयोग कायम, हा अनेकांना हवासा वाटणारा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. गोव्यातही १९६७ मध्ये स्वतंत्र राज्याचा पर्याय नव्हता. तो दर्जा मिळायला १९८७ साल उजाडले. प्रश्नाची रचना उत्तराच्या आधी सत्ता गाजवते, ही गोष्ट मतपत्रिकेलाही लागू पडते. ती केवळ विल्सन यांच्या प्रश्नोत्तरांपुरती मर्यादित नाही.

२०१४ च्या वादात विशेष लक्षणीय होती ती भाषेची अनुपस्थिती. चर्चा झाली चलनाची, निवृत्तिवेतनाची, उत्तर समुद्रातील तेलाची, युरोपीय संघातील स्थानाची. मतदानाचा हक्क वास्तव्यावर ठरला : स्कॉटलंडमध्ये राहणारा इंग्रज, पोलिश किंवा पाकिस्तानी वंशाचा रहिवासी मत देऊ शकत होता, लंडनमध्ये राहणारा स्कॉट नाही. सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही मत होते. स्कॉट्स ही स्वतंत्र भाषा की इंग्रजीची बोली, हा वाद कोकणीच्या वादाइतकाच जुना. २०११ च्या स्कॉटिश जनगणनेत प्रथमच विचारले गेले तेव्हा १५ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे सांगितले. ह्यू मॅक्डार्मिडसारख्या कवीने विसाव्या शतकात याच बोलीतून आधुनिक काव्य उभे केले. असे असूनही स्वातंत्र्यवाद्यांनी स्वतःचा हक्क त्या बोलीवर उभा केला नाही. त्यामागे उदारता होती तसा हिशेबही होता. गेलिक वायव्येच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर, स्कॉट्स सखल भागात, इंग्रजी सर्वत्र. भाषेच्या कसोटीवर स्कॉटलंड एक राहतच नाही. वास्तव्याच्या कसोटीवर राहतो.

तरीही ही कसोटी सर्व प्रश्न सोडवत नाही. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे १४६८-६९ मध्ये नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी गहाण ठेवल्याने स्कॉटलंडकडे आली. २०१४ मध्ये तेथून स्वतंत्र मतदानाची मागणी झाली आणि ती फेटाळली गेली. स्कॉटलंडला वेगळे मत असू शकते, तर शेटलंडला का नाही? लोकेच्छेचे तत्त्व मान्य केल्यावर ‘लोक’ कोठे संपतात हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर पुन्हा इतिहासाकडून किंवा बळाकडून येते. २०१६ मध्ये युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते पडली, पण मोजणीचा घटक संयुक्त राज्य होता. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की वेस्टमिन्स्टरच्या अनुमतीखेरीज दुसरे सार्वमत घेण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला नाही. भारतीय घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाशी हा निर्णय ताडून पाहता येतो. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. संबंधित विधिमंडळाचे मत मागवायचे, पण ते बंधनकारक नाही.

अस्मितेच्या चिन्हांचा प्रवासही दोन्हीकडे विलक्षण सारखा झाला. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईनंतर डोंगराळ स्कॉटलंडच्या पोशाखावर बंदी आली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने योजलेल्या समारंभात तोच पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख साऱ्या स्कॉटलंडचा म्हणून मिरवला. डोंगरातील माणूस तोवर मेंढ्यांना जागा करून देण्यासाठी आपल्या शेतावरून हुसकला जात होता. वारली चित्र आज महाराष्ट्राच्या ओळखीचे चिन्ह म्हणून सरकारी इमारतींच्या भिंतींपासून भेटकार्डांपर्यंत दिसते. जिव्या सोमा मशे यांच्या हातून ते सवाशिणींनी लग्नाचा चौक लिहिण्याच्या विधीतून सुटून स्वतंत्र चित्रकला झाले, हे त्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. चिन्ह मात्र संपूर्ण महाराष्ट्राने घेतले, ज्यांचे ते आहे त्यांची बरीचशी वस्ती सीमेपलीकडे असताना. देशीवादाच्या चर्चेत ‘देशी’ म्हणजे काय यावर पुष्कळ लिहिले गेले. देशी कोणाची, आणि ती तशी असल्याचे प्रमाणपत्र कोण देतो, या अंगाला ती चर्चा कमी भिडली.

वारली समाज १९६० पासून महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा-नगर हवेली अशा तीन प्रशासनांखाली राहत आला आहे. तलासरीतील मूल मराठी पाठ्यपुस्तक वाचते, दोन-तीन मैलांवर उंबरगावच्या बाजूचे मूल गुजराती. एकाच कुळाचे आडनाव दोन लिप्यांत लिहिले जाते. ज्या वारलीला १९०५ च्या सर्वेक्षणाने मराठीत घातले होते तिची नोंद अलीकडच्या जनगणनांच्या तक्त्यांत भिली-भिलोडी गटाखाली होते. सीमावादात मराठी बाजूने मांडलेला मुख्य पुरावा अशा रीतीने सरकारी दप्तरातच निकालात निघाला आहे, आणि सीमा मात्र जागच्या जागी आहे.

डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार येथे लागू आहेत. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले. वाढवण बंदराच्या प्रकल्पाला या प्राधिकरणाने २०२३ मध्ये अनुमती दिली. वरोर, वाढवण आणि धाकटी डहाणूच्या मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. पर्यावरणविषयक जनसुनावणी जानेवारी २०२४ मध्ये पालघर येथे झाली. जनसुनावणीत मते नोंदवायची असतात, मोजायची नसतात. या अर्थाने ती सार्वमतापेक्षा विल्सन यांच्या प्रश्नोत्तरांच्या अधिक जवळची आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्प मंजूर केला, आणि ३० ऑगस्टला पालघर येथे त्याची पायाभरणी झाली.